पहिल्यांदा हाऊजी घेताय? पिशवी भरण्यापासून फुल हाऊसपर्यंत

सोसायटीच्या गणपतीत, कोजागिरीला गच्चीवर, हळदीकुंकवाला, भिशीच्या दुपारी, कुणाच्या साठीला किंवा लांबच्या सहलीच्या बसमध्ये कुणीतरी म्हणतंच, "चला, हाऊजी खेळूया." मग सगळे एकमेकांकडे बघतात, कारण खेळायला सगळे तयार असतात, पण घ्यायला, म्हणजे पिशवीतून १ ते ९० मधले आकडे काढून पुकारायला, कुणी पुढे येत नाही. पुकारलेला आकडा ज्याच्या तिकिटावर असेल त्याने तो कापायचा, एवढाच हा खेळ. हा लेख त्या पुढे येणाऱ्या माणसासाठी आहे. मी गेली बरीच वर्षं आमच्या इमारतीत आणि नातेवाइकांकडे आकडे पुकारते. या खेळाची अर्धी मजा नशिबाची आणि अर्धी पुकारणाऱ्याची, असं माझं अनुभवाअंती ठाम मत आहे. नशिबावर आपला ताबा नाही, पण पुकारणं मात्र शिकता येतं.

मला हाऊजी इतकी प्रिय का, ते आधी सांगते. बुद्धिबळात नातू आजीला हरवतो, कॅरममध्ये काका सगळ्यांना हरवतात, अंताक्षरीत ज्याला गाणी येतात तोच बोलतो. हाऊजीत मात्र ऐंशीच्या आजी आणि आठ वर्षांची मुलगी अगदी सारख्या संधीने बसतात. इथे कुणी हुशार नाही, कुणी कच्चा लिंबू नाही. एका खोलीत चाळीस माणसं एकाच वेळी एकाच आकड्याची वाट बघतात, असं दुसऱ्या कुठल्या घरगुती खेळात होत नाही.

हा खेळ आला कुठून

हाऊजीलाच तंबोलाही म्हणतात, आणि ते नाव इटलीच्या 'तोंबोला'चं. सांगतात ते असं, की १७३४ च्या सुमारास नेपल्समध्ये नाताळच्या आठवड्यात सरकारी लॉटरी बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी ९० आकडे टोपलीत घातले आणि खेळ घरातच सुरू केला. तिथे आजही नाताळात तो खेळतात आणि प्रत्येक आकड्याला एक नाव असतं. २५ म्हणजे नाताळ, ३३ म्हणजे ख्रिस्ताचं वय, ९० म्हणजे भीती. ब्रिटिश सैनिक याच खेळाला 'हाऊस' किंवा 'हाऊसी-हाऊसी' म्हणत. छावण्या आणि क्लबांमधून तो आपल्याकडे आला आणि आपल्या तोंडात त्याची हाऊजी झाली. अमेरिकेतला बिंगो थोडा वेगळा आहे. त्यात ७५ आकडे, पाच बाय पाचचा चौकोन आणि मधलं घर मोकळं असतं. तिथे पूर्वी आकड्यांवर घेवड्याच्या बिया ठेवत, म्हणून त्याला आधी 'बीनो' म्हणायचे. आमच्याकडे आजी तिकिटावर चवळीचे दाणे ठेवायची. तिने अमेरिकेचं नावही क्वचितच ऐकलं असेल, पण हाताशी कडधान्य असलं की माणसाला तेच सुचतं.

साहित्य गोळा करा

खेळण्यांच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात हाऊजीचा डबा मिळतो. त्यात १ ते ९० च्या सोंगट्या, त्या लावायला खाचांचा बोर्ड आणि तिकिटांची वही असते. वह्या सुट्याही मिळतात. डबा नसेल तर जाड पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे ९० तुकडे कापा आणि एका कापडी पिशवीत घाला. पिशवी आतलं न दिसणारी हवी आणि हात सहज आत-बाहेर होईल इतकं तोंड हवं. बोर्डाऐवजी कागदावर नऊ ओळींत दहा-दहा घरं आखलीत तरी चालतं.

सोंगट्यांवरचे आकडे बहुतेक इंग्रजी अंकांत असतात. त्या अंकांत ६ उलटा धरला की ९ होतो, १८ चा ८१, १९ चा ६१ आणि ६८ चा ८९. विकतच्या सोंगटीवर आकड्याखाली रेघ असते, पण वापरून वापरून ती पुसट होते. पक्क्या शाईच्या पेनने ती पुन्हा ओढून घ्या. त्याच वेळी सगळ्या सोंगट्या बोर्डावर लावून ९० भरतात का ते बघा. एक सोंगटी कमी असली तर एखाद्याचं तिकीट कधीच पुरं होणार नाही, आणि ते कुणाला कळणारही नाही.

याशिवाय प्रत्येकाला पेन द्या. पेनं नेहमी कमी पडतात, म्हणून माणसांपेक्षा पाच-सहा जास्तच ठेवा.

तिकीट वाचायला शिका

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक तिकीट समोर घेऊन बसूया. तिकिटात तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने, म्हणजे २७ घरं असतात. त्यातल्या १५ घरांत आकडे असतात, बाकीची रिकामी. प्रत्येक ओळीत बरोबर पाच आकडे असतात. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. कुठलाही रकाना पूर्ण रिकामा नसतो.

समजा तुमच्या तिकिटाची पहिली ओळ ४, २३, ४७, ५१, ८६ अशी आहे. दुसरी १२, ३५, ५८, ६४, ८८. तिसरी ९, १८, २७, ३९, ७२. आता ३९ पुकारला, तर अख्खं तिकीट धुंडाळायचं नाही. तिशी म्हणजे चौथा रकाना, नजर थेट तिथे न्यायची. तिथे वर ३५ आणि खाली ३९ दिसेल. ही सवय पहिल्या दहा आकड्यांत लागली तर खेळणारा कधी मागे पडत नाही. लहान मुलांना खेळ सुरू होण्याआधी चार-पाच आकडे असेच शोधायला लावा. त्यांना दशक आणि एकक इतक्या आनंदाने शिकताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

छापील वहीत एका पानावर सहा तिकिटं असतील, तर त्या सहांत मिळून १ ते ९० हे सगळे आकडे एकेकदा येतात, कारण सहा गुणिले पंधरा नव्वद. पूर्ण पान घेतलं की पुकारलेला प्रत्येक आकडा तुमच्याकडे कुठेतरी असतोच. मजा खूप, पण सहा तिकिटांवर नजर ठेवणं नवख्याला झेपत नाही. पहिल्या दिवशी एक किंवा फार तर दोन तिकिटं घ्या.

बक्षिसं ठरवा आणि मोठ्याने वाचून दाखवा

नेहमीची बक्षिसं अशी: जल्दी पाच, म्हणजे तिकिटातले कुठलेही पाच आकडे ज्याचे आधी कापले जातील तो. चार कोपरे, म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा. आपल्या तिकिटात ४, ८६, ९ आणि ७२. मग पहिली, मधली आणि शेवटची ओळ. शेवटी फुल हाऊस, म्हणजे सगळे पंधरा आकडे. गर्दी मोठी असेल तर दुसरं फुल हाऊसही ठेवावं, नाहीतर पहिलं लागताच उरलेल्यांचा जीव खट्टू होतो.

मंडळी सरावली की नवे प्रकार घालता येतात. 'टेम्परेचर' म्हणजे तिकिटातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा, इथे ४ आणि ८८. 'बुल्स आय' म्हणजे मधल्या ओळीतला मधला आकडा, इथे ५८. 'ब्रेकफास्ट, लंच, डिनर' म्हणजे पहिले तीन, मधले तीन आणि शेवटचे तीन रकाने. पण पहिल्या दिवशी एवढं सगळं नको. सहा बक्षिसं पुरे. नियम जितके जास्त, तितके "असं ठरलंच नव्हतं" म्हणणारे जास्त. बक्षिसांची यादी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि जे लागेल त्यापुढे जिंकणाऱ्याचं नाव लिहीत जा.

कुठलं बक्षीस कधी लागेल याचा अंदाज असला की खेळाची लय सांभाळता येते. एकाच तिकिटाचा विचार केला तर जल्दी पाच सरासरी २८ व्या आकड्याला होतं, एखादी ठरावीक ओळ ७६ व्या आणि फुल हाऊस चक्क ८५ व्या आकड्याच्या आसपास. पण खोलीत चाळीस-पन्नास तिकिटं असली की कुणा ना कुणाचं लवकर जुळतं. जल्दी पाच दहाव्या-बाराव्या आकड्यालाच जातं आणि फुल हाऊस सत्तरीच्या आसपास. म्हणून लहान मुलं असतील तिथे जल्दी पाचचं बक्षीस मुलांना आवडेल असं ठेवा, कारण सुरुवातीला सगळ्यांची उत्सुकता ताजी असते. आणि साठाव्या आकड्यानंतर पुकारण्याचा वेग कमी करा. त्या वेळी खोलीत "मला एकच हवाय" म्हणणारे पाच-सहा जण असतात. खेळाचा खरा रंग त्या दहा आकड्यांत असतो, तो घाईत घालवू नका.

पुकारा: इथे जीव ओता

एका कोजागिरीला आमच्या गच्चीवर मी पुकारत होते. मसाला दूध आटत आलं होतं, म्हणून मी जरा भराभर आकडे काढत होते. एक सोंगटी निघाली, मी "एकोणसाठ" म्हटलं आणि लगेच पुढचा आकडा काढला. आणखी दोन-तीन आकड्यांनी समोरच्या विंगमधल्या मुलाने फुल हाऊस घेतलं. तिकिटं गोळा करताना खालच्या मजल्यावरच्या काकूंचं तिकीट माझ्या हातात आलं. चौदा आकडे नीट कापलेले, मोकळा राहिलेला फक्त ५९. त्यांना 'एकोणसत्तर' ऐकू आलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, "असू दे गं" म्हणून दूध घ्यायला गेल्या. मला मात्र ते तिकीट अजून आठवतं, शेवटच्या ओळीतला तो एक कोरा आकडा.

तेव्हापासून मी प्रत्येक आकडा तीन प्रकारे सांगते: "पाच आणि नऊ, एकोणसाठ, फिफ्टी नाइन." आपल्या मराठी आकड्यांत एकोणसाठ-एकोणसत्तर, सत्तावन्न-सदुसष्ट, त्र्याहत्तर-त्र्याऐंशी या जोड्या गर्दीत हमखास फसवतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर एकोणऐंशी म्हणजे किती हेच पटकन उमगत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. मला आपले जुने शब्द अतिशय आवडतात आणि ते टिकावेत असं मनापासून वाटतं. म्हणूनच मी ते पुकारते, पण सुटे अंक सांगितल्याशिवाय नाही. मुलं हाऊजी खेळता खेळता 'एकोणनव्वद' शिकतात हे मी दरवर्षी बघते.

आता आकड्यांची नावं. इंग्रजीत ८८ ला दोन जाड्या बायका म्हणतात. मी ते कधीच म्हणत नाही, समोर बसलेल्या कुणालाही ते लागू शकतं. इंग्रजी आठ डमरूसारखा दिसतो, म्हणून मी "दोन डमरू" म्हणते. आपल्याकडे नावांची काय कमी? पाच पांडव, अष्टविनायक, बारा ज्योतिर्लिंगं, सोळा सोमवार, एकवीस मोदक, सत्तावीस नक्षत्रं, दातांची बत्तीशी, पत्त्यांचे बावन्न, छप्पन्न भोग, चौसष्ट कला, अमृतमहोत्सवाचे पंच्याहत्तर. ६० ला "महाराष्ट्राचा जन्म", ६१ ला "गोवा मुक्त झाला", ८३ ला "कपिलचा वर्ल्ड कप". आणि देवनागरी अंकांचं माझं लाडकं जोडपं: ३६ म्हणजे "पाठ फिरवून बसलेले", ६३ म्हणजे "समोरासमोर बसलेले". कागदावर लिहून दाखवा, मुलं खूश होतात.

घरच्या समारंभात याहून छान करता येतं. आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या लग्नाचं साल, नोकरीला लागले तेव्हाचं वय, जुन्या घराचा नंबर, ज्या बसने ते कामावर जायचे तिचा क्रमांक, असे दहा-बारा आकडे आधी विचारून ठेवा. तो आकडा निघाला की आधी ती आठवण सांगायची आणि मग आकडा. आमच्याकडे एका आकड्यावर आजोबा स्वतःच उठून पाच मिनिटं बोलले आणि कुणालाही खेळ थांबल्याचं वाईट वाटलं नाही.

काढलेली सोंगटी लगेच बोर्डावर लावा, हातात धरून ठेवू नका. दर दहा आकड्यांनी पिशवी हलवा. आणि पुकारणाऱ्याने स्वतः तिकीट घेऊ नये. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी समोरच्याच्या मनात शंकेला जागा ठेवू नये.

दावा आला की

कुणी "झालं!" म्हणून ओरडलं की पिशवीतला हात बाहेर. तिकीट हातात घ्या, आकडे एकेक करून मोठ्याने वाचा आणि बोर्डावर ताडून बघा. दोन नियम आधीच सांगून ठेवा. पहिला, दावा पुढचा आकडा पुकारण्याआधीच करायचा. नंतर लक्षात आलं तर बक्षीस नाही. दुसरा, चुकीचा दावा झाला तर ती 'बोगी', ते तिकीट बाद. मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या बाबतीत मी बोगी लावत नाही, एकदा समज देते. हेही मी आधीच सगळ्यांना सांगते, म्हणजे पक्षपात वाटत नाही.

एकाच आकड्यावर दोघांचं झालं तर बक्षीस वाटून द्यायचं. वाटता येण्यासारखी बक्षिसं ठेवणं म्हणून सोयीचं. सहा वाट्यांचा सेट चालतो, एक मोठी कढई चालत नाही.

व्हिडिओ कॉलवर परदेशातली भावंडं खेळणार असतील, तर पहिला आकडा निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या तिकिटाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा. लॉकडाऊनमध्ये हे आम्ही शिकलो. दावा तपासायला तोच फोटो वापरता येतो. आवाज उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक आकड्यानंतर मनात दहापर्यंत मोजा.

पैशांचं काय

तिकिटाचे पैसे जमवून त्यातूनच रोख बक्षिसं वाटायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती टाळा. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ चा कायदा आजही लागू आहे, आणि २०२५ साली केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. मोबाइलवर पैसे भरून तंबोला खेळा म्हणणारं कुणी भेटलं तर तिकडे फिरकू नका. सोसायटीत तिकीट फुकट ठेवा आणि बक्षिसं कार्यक्रमाच्या वर्गणीतून आणा.

कायद्यापलीकडेही कारण आहे. नोटा मध्ये आल्या की तीच माणसं वेगळी दिसू लागतात. हरलेला माणूस हसत नाही, "अजून एक डाव" म्हणत गेलेले पैसे परत मिळवायला बसतो. घरात कुणाला अशी ओढ लागलेली दिसली तर त्याच्याशी शांतपणे, एकट्याने बोला आणि त्या वर्षी पत्ते-हाऊजी दोन्ही बाजूला ठेवा.

बक्षिसं काय द्यावीत? माझा अनुभव असा की खाण्याच्या वस्तूंना सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात. घरच्या लोणच्याची बरणी, चिवड्याचं पाकीट, आंब्याच्या दिवसांत चार हापूस. एकदा फुल हाऊसला मी गावाहून आणलेल्या कोकमांची पिशवी ठेवली होती. ती जिंकलेल्या मुलीने घरी जाऊन आईला सोलकढी करायला लावली आणि दुसऱ्या दिवशी मला वाटीभर आणून दिली.

फार लहान मुलं असतील तर

ज्यांना अजून आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी सोरट ठेवा. जत्रेतल्या सोरटीसारखंच, पण पैसे न घेता: घड्या केलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक चित्र आणि त्या चित्राची छोटी वस्तू. रिकामी चिठ्ठी एकही ठेवू नका. पेन्सिल, खोडरबर, फुगा, राजगिऱ्याची चिक्की असं काहीही चालतं. चार वर्षांच्या मुलाला चिठ्ठी उलगडताना जे वाटतं, तेच मोठ्यांना शेवटच्या आकड्याला वाटत असतं. मोठ्यांची हाऊजी सुरू होण्याआधी हे दहा मिनिटांत उरका, म्हणजे मुलं आपापल्या वस्तू घेऊन शांत बसतात.

वेळ आणि आवरणं

चाळीस-पन्नास माणसांचा एक डाव साधारण अर्ध्या तासात होतो. दोन डाव छान, तिसऱ्याला लोक चुळबुळायला लागतात. जेवणाआधी एक आणि नंतर एक, हे मला सगळ्यात बरं वाटतं. ऐकायला कमी येणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांच्या शेजारी एक चुणचुणीत मूल द्या.

शेवटचं फुल हाऊस लागलं की सगळे उठतात, खुर्च्या सरकतात, कुणी बक्षीस दाखवत फिरतं. तेव्हा तुम्ही जागचे हलू नका. बोर्डावरच्या आणि पिशवीतल्या सोंगट्या एकत्र लावा आणि मोजा. ९० भरल्या नाहीत तर सतरंजी उचलून बघा. हरवलेली सोंगटी बहुतेक वेळा तिथेच, पुकारणाऱ्याच्या पायाशी सापडते. ती पिशवीत टाकून नाडी घट्ट बांधा आणि पिशवी डब्यात ठेवा.